गोव्याच्या हिरव्या पाण्यात ॲक्शन कॅमेरा: नवख्यांसाठी सुरुवातीपासून

दिवाळी झाली की विचारणा सुरू होते, गोव्याला चाललोय, स्कूबा करायचंय, कुठला कॅमेरा घेऊ. आणि सोबत अंदमान नाहीतर मालदीवचं एखादं रील पाठवतात, निळंशार पाणी, पार लांबचा मासा स्पष्ट दिसतोय, असलं पाहिजे म्हणे. तर पहिलं हे डोक्यात पक्कं करा की गोव्यात ते पाणी नाही. इथलं बहुतेक डायव्हिंग चालतं ते ग्रँड आयलंडच्या आसपास, म्हणजे वास्कोच्या समोर, आणि मांडवी-जुवारी दोन्ही नद्या तिथेच जवळ समुद्राला मिळतात, त्यांचा गाळ, त्यात प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), म्हणून पाणी हिरवट आणि जरा गढूळच. बरा दिवस असेल तर पाच-सहा मीटर दिसतं, नसेल तर दोन-तीन. अशा पाण्यात लाखाचा कॅमेरा नेला तरी लांबचा मासा धुक्यातच दिसणार. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये पाणी जितकं कमी तितका व्हिडिओ स्वच्छ, बस, खाली जे काय लिहिलंय ते सगळं फिरून तिथेच येतं.

पायरी १: कॅमेरा हातात घ्यायचा की नाही

आयुष्यातली पहिलीच डाइव्ह असेल तर नाही. सरळ सांगतो, वाईट वाटू दे. पोहता न येणाऱ्यांनापण करता येते ती ट्राय डाइव्ह, त्यात इन्स्ट्रक्टर तुम्हाला मागून टाकीला धरून फिरवत असतो, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत, आणि तुमचं काम एवढंच की श्वास चालू ठेवायचा, कान मोकळे करत राहायचं आणि हाताच्या खुणा समजून घ्यायच्या. त्यात हातात कॅमेरा आला की लक्ष सगळं त्या छोट्या स्क्रीनमध्ये जातं. बहुतेक पॅकेजमध्ये त्यांचाच माणूस व्हिडिओ काढतो, तो काढू दे, पण बुकिंग करतानाच तीन गोष्टी विचारून घ्या: व्हिडिओ पैशात धरलाय का, एडिट केलेली गाणं लावलेली एक मिनिटाची क्लिप मिळणार की ओरिजिनल फाइल्स पण, आणि कशात देणार. फाइल्स बोटीवर किंवा किनाऱ्यावरच वायफायने मोबाइलवर टाकून देतात, तेव्हा मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून लग्नाचे फोटो डिलीट करत बसलेली माणसं बघायला मिळतात. घरूनच जागा करून या.

ज्यांनी ओपन वॉटर कोर्स केलाय, ज्याच्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं, त्यांनीपण पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येतं का ते आधी बघा. हात न हलवता, खाली न बसता, वर न जाता अर्धा मिनिट थांबता येत असेल तर कॅमेरा न्या. येत नसेल तर आणखी काही डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा, कारण बॉयन्सी, म्हणजे हे स्थिर तरंगणं, नसलेल्या माणसाचा व्हिडिओ म्हणजे वाळू, बुडबुडे, स्वतःच्या पायातला फिन आणि मध्येच अर्धा मासा.

पायरी २: कॅमेरा आणि त्याची केस

आता कॅमेरा. गोप्रो, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन, इन्स्टा३६०चा एस प्रो, यातला कुठलापण चालेल, आणि दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल भावाकडून उसनं मिळत असेल तर नवीन घेऊच नका. फरक पडतो तो किती खोल चालतो यात. गोप्रो हिरो ५ पासून पुढचे बहुतेक कॅमेरे केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात. ऑस्मो ॲक्शन ४ ला कंपनी १८ मीटर म्हणते, ५ प्रोला २०. आकडे वाचून वाटतं की ग्रँड आयलंडला तर १५ मीटरच्या आतच फिरायचंय, मग केस कशाला? पण हा आकडा नव्या कोऱ्या कॅमेऱ्याचा आहे, बॅटरीचं झाकण नीट बसलेलं, रबर स्वच्छ, कुठे चीर नाही असा. दर १० मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाएवढा वाढतो, म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट, आणि त्या झाकणात वाळूचा एक कण असला की झालं. म्हणून स्कूबाला जाताय तर डाइव्ह केस घ्याच, मोठ्या कंपन्यांच्या ६० मीटरच्या असतात. केसमध्ये बाहेरून पाणी शिरलं तरी आतला कॅमेरा स्वतः वॉटरप्रूफ असतो, असं दुहेरी संरक्षण मिळतं.

मोबाइल गळ्यात घालायची ती प्लॅस्टिकची पिशवी मिळते ना कळंगुट-बागाच्या टपऱ्यांवर, ती किनाऱ्यावर लाटांसाठी ठीक आहे, डाइव्हला नाही.

हँडल कुठलं? हा प्रश्न कमी जण विचारतात. तरंगणारं जाडजूड पिवळं हँडल पृष्ठभागावर स्नॉर्कलिंगला उत्तम, पण डाइव्हमध्ये ते सारखं वर ओढतं आणि सुटलं की तुमच्यादेखत वर निघून जातं, आणि त्याच्यामागे वर धावत जाणं म्हणजे स्वतःची फुप्फुसं धोक्यात घालणं. लांब सेल्फी स्टिक पण नको, लोक ती प्रवाळात खुपसतात. छोटी पकड किंवा दोन हातांनी धरायचा ट्रे, आणि गुंडाळी वायरीसारखी असते ती कॉइल लॅनयार्ड (दोरी) क्लिपने बीसीडीच्या, म्हणजे अंगातल्या हवेच्या जॅकेटच्या, डी-रिंगला (कडीला). मनगटाला नुसती दोरी बांधली तर गरज पडल्यावर हात मोकळा होत नाही.

मेमरी कार्ड व्ही३० चं (हा वेगाचा शिक्का कार्डावर असतो), १२८ जीबी बास. ४के ६० फ्रेमला साधारण १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) धरलं तर तासाला ४५ जीबी जातात, आणि तासभर सलग रेकॉर्डिंग कोणी करत नाही (करू पण नये, नंतर बघणार कोण). कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

पायरी ३: आदली रात्र

हॉटेलच्या खोलीत हे सगळं करायचं, बोटीवर नाही. बोटीवर ओले हात, डोक्याच्या केसांतून टपकणारं पाणी, वारा, आणि खारट दमट हवा. एखाद्याने बोटीत केस उघडायला घेतली की बोटीवाला लांबून ओरडतो, "हांगा उगडूं नाका रे!" आणि त्याचं बरोबर असतं.

पहिलं, रिकामी केस कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून बंद करा आणि बादलीत पाण्याखाली दाबून धरा, बटणं दाबून बघा, दहा मिनिटांनी बाहेर काढून पुसून उघडा. टिश्यू कोरडा तर पास. लोक म्हणतात बादलीत काय कळणार, पण खोल गेल्यावर दाबाने रबर आणखी घट्ट बसतं, बऱ्याच केस गळतात त्या उथळ पाण्यातच, त्यामुळे ही टेस्ट वाटते तेवढी फालतू नाही.

मग रबर, म्हणजे ओ-रिंग. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून पूर्ण कडेने बघत जा. काय शोधायचं? केस. डोक्याचा केस, टॉवेलचा धागा, वाळूचा कण. काळ्या रबरावर काळा केस आडवा पडलेला असला तर समोरून बघून दिसतच नाही, तिरक्या उजेडात त्याची बारीक सावली पडते तेव्हा दिसतो, आणि बोटाचं टोक हळू फिरवलं तर लागतोही. एवढा एक केस रबराखालून पाण्याला वाट करून देतो. बोटानेच पुसा, कापसाने नको, कापसाचेच धागे राहतात. ग्रीस लावायचं की नाही ते केसच्या कागदात बघा, सगळ्या रबरांना लागत नाही. झाकण बंद केल्यावर पट्टा किंवा सिलिका जेलची पट्टी कुठे मध्ये चिमटलेली नाही ना ते परत एकदा.

ती सिलिका किंवा अँटी-फॉगची पट्टी आत हवीच. कॅमेरा चालू झाला की गरम होतो, बाहेर पाणी त्यापेक्षा थंड, आतल्या हवेतली वाफ काचेवर जमते आणि अर्ध्या डाइव्हनंतर सगळं धुरकट. गोव्याच्या हवेत हा त्रास हमखास. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एसी चालू असलेल्या कोरड्या खोलीत केस बंद करायची आणि त्या दिवसाच्या सगळ्या डाइव्ह होऊन परत येईपर्यंत उघडायचीच नाही. बॅटरी पुरेल का? छोट्या छोट्या क्लिप घेतल्या आणि मधल्या वेळात कॅमेरा बंद ठेवला तर दोन डाइव्हला पुरते. सकाळी एसीतून बाहेर आल्यावर केसच्या बाहेरून काच धुकट होईल, घाबरू नका, ते बाहेरचं आहे, पाण्यात जातं.

पायरी ४: सेटिंग, आणि जास्त खेळायचं नाही

४के ३० फ्रेम. प्रकाश भरपूर असेल आणि नंतर स्लो मोशन करायचं असेल तर ६०. पण गढूळ दिवशी ६० ने चित्र काळपट आणि दाणेदार येतं, कारण प्रत्येक फ्रेमला उजेड मिळायला वेळच कमी. लेन्स वाइड ठेवा. वाइड का, तर लांबचं जास्त मावावं म्हणून नाही, जवळ गेल्यावरपण अख्खा मासा मावावा म्हणून. पाण्यात सपाट काचेमागून सगळं तसंही साधारण एक चतुर्थांश जवळ दिसतं आणि फ्रेम अरुंद होते. आयएसओची, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो त्याची, वरची मर्यादा ८००, फारच अंधार असेल तर १६००. शटर ऑटो. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर कमी करणारं) चालू, पण अंधारात ते चित्र थरथरतं ठेवतं, तसं दिसलं तर कमीवर आणा.

व्हॉइस कंट्रोल, वायफाय, जीपीएस बंद, पाण्याखाली काही कामाचे नाहीत आणि बॅटरी खातात. टच स्क्रीन लॉक करा, केस नसेल तर पाणीच स्क्रीनवर बोट फिरवल्यासारखं मोड बदलत राहतं. आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की नाही ते लाल दिवा आणि स्क्रीनवरचे सेकंद दोन्ही बघून खात्री करा, कारण पाण्याखाली बीप ऐकू येईलच असं नाही, आणि उलटं रेकॉर्डिंग म्हणजे कासवाच्या वेळी बंद आणि खिशात असताना चालू, हे तर डायव्हर मंडळींचं ठरलेलं दुःख आहे.

पायरी ५: रंगाचं गणित

पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाचेक मीटरवरच लाल फिका पडायला लागतो, मग नारिंगी, मग पिवळा, शेवटी हिरवा-निळाच उरतो. म्हणूनच लाल स्विमसूट खाली गेल्यावर तपकिरी दिसतो. ही अडचण फक्त खोलीची नाही, आडव्या अंतराचीपण आहे, वरून आलेला उजेड माशावर पडून तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत येईस्तोवर जेवढं पाणी कापतो तेवढा रंग आणखी जातो. आलं ना परत तिथेच?

फिल्टर घ्यायचा तर विक्रेते सरसकट लाल विकतात, तो निळ्या पाण्यासाठी. गोव्याच्या हिरव्या पाण्याला मजेंटा, म्हणजे गुलाबीसर जांभळा, जास्त बरोबर बसतो. पण फिल्टर उजेडपण खातो, त्यामुळे अगदी उथळ पाण्यात किंवा ढगाळ गढूळ दिवशी काढून ठेवा, साधारण ५ मीटरच्या खाली आणि ऊन असताना लावा. त्याला दोरी असते ती बांधायला विसरू नका. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवून सुरुवात करा, हाताने सेट करायचं नंतर शिका.

लाइट? हा मोठा घोळ आहे. लोक एक टॉर्च कॅमेऱ्याच्या डोक्यावर सरळ पुढे तोंड करून लावतात, आणि मग गढूळ पाण्यातला प्रत्येक कण चमकून व्हिडिओत बर्फ पडायला लागतो. लाइट लावायचा तर बाजूला, हाताएवढ्या दांडीवर, किंचित बाहेरच्या बाजूला वळवून, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या पाण्यावर उजेड पडत नाही आणि माशावर फक्त कडेचा पडतो. एक मीटरच्या आतल्या गोष्टींसाठीच त्याचा उपयोग, कपारीतला ईल किंवा न्यूडिब्रँक (शंखाशिवायची समुद्री गोगलगाय) वगैरे. आणि लाइट लावला की फिल्टर काढायचा, दोन्ही एकत्र केलं तर सगळं लालबुंद. पहिल्या काही डाइव्हना लाइट नकोच, हातात एक वस्तू कमी.

पायरी ६: दिवस आणि वेळ

जून ते सप्टेंबर विसरा, पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. ऑक्टोबरला सुरू होतं पण पाणी निवळायला वेळ लागतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. तारीख निवडायची मोकळीक असेल तर कॅलेंडरमध्ये तिथी बघा. खरंच सांगतोय. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीचा फरक मोठा, पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी, असतो तेव्हा हालचाल कमी आणि पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. कोळ्यांना विचारा, कुठल्याही ॲपपेक्षा भारी सांगतात. त्यातही भरती चढत असताना समुद्राकडचं पाणी आत येतं, ओहोटीला नदीकडचं बाहेर, त्यामुळे भरतीची वेळ बरी. सकाळची पहिली बोट घ्या, दुपारनंतर वारा सुटतो.

पायरी ७: पाण्यात

उतरताना कॅमेरा हातात धरून उडी मारू नका. आधी तुम्ही पाण्यात, मग बोटीवरच्या माणसाकडून मागून घ्या. क्लिप लावा. खाली जाताना कॅमेरा बंद, कान आणि बडी (जोडीचा डायव्हर) याच्यावर लक्ष. तळाजवळ पोचून सगळं ठीकठाक, हवा बघितली, बडीने ओके दिला, मग चालू.

आता समजा तुम्ही सुझीज रेकवर आहात, ग्रँड आयलंडजवळचं ते जुन्या बुडालेल्या जहाजाचं ठिकाण. लोखंडाच्या पट्ट्यांभोवती सार्जंट मेजर माशांचा थवा असतो, पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे. नवखा माणूस काय करतो, कॅमेरा पुढे करून त्यांच्या मागे पोहत सुटतो. मासे पळतात, तुम्हाला मिळतात फक्त शेपट्या, आणि फिनने उठवलेली वाळू मागच्या सगळ्यांच्या व्हिडिओत. त्याऐवजी जहाजापासून जरा बाजूला, काहीही न धरता, थवा ज्या दिशेला सरकतोय त्याच्या पुढे जाऊन थांबा. कॅमेरा छातीच्या उंचीवर, कोपर अंगाला चिकटवून, लेन्स किंचित वर. रेकॉर्डिंग दाबा आणि मनात दहा आकडे मोजा, श्वास संथ चालू. तीन-चार आकड्यांपर्यंत काही होत नाही. मग एक मासा वळतो, बघतो, दुसरा येतो, आणि सातव्या-आठव्या आकड्याला ते हातभर अंतरावर असतात, अंगावरचा एकेक खवला दिसतो, मागे वरून येणारा हिरवा उजेड. ती क्लिप ठेवण्यासारखी. वरून खाली काढलेल्या क्लिपमध्ये मासा तळाच्या रंगात मिसळून जातो, त्यामुळे समोरून किंवा खालून वर. गोब्रो, म्हणजे ग्रूपर मासा, आपल्याकडे मालवणात ज्याला हेकरू म्हणतात, तो तर कपारीत तोंड बाहेर काढून तसाच बसून राहतो, नवख्यांसाठी त्याच्याइतका सज्जन मॉडेल नाही.

कॅमेरा फिरवायचा तर अगदी हळू, जेवढं हळू वाटतं त्याच्या निम्म्याने. झूम विसरा.

आणि आता जे गंभीर आहे ते. शॉट हलू नये म्हणून श्वास रोखण्याची सवय लागते, आपोआप, कळतही नाही. स्कूबात श्वास रोखून जरा जरी वर गेलात तर फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होऊ शकते, अगदी दोन-चार मीटरच्या फरकानेही. हलला शॉट तर हलू दे. प्रत्येक क्लिपनंतर तीन ठिकाणी नजर: हवेचा गेज, खोली, बडी. हा नियमच करून टाका, क्लिप थांबवली की गेज. गढूळ पाण्यात बडी तीन मीटरवर गेला की दिसेनासा होतो, आणि तुम्ही स्क्रीनमध्ये असता. वर येताना कॅमेरा बंद करून लटकवा, हळू या, ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, तिथे पाहिजे तर एकमेकांचा व्हिडिओ काढा, तिथे उजेडपण छान असतो.

केसमध्ये पाण्याचे थेंब दिसले तर? कॅमेरा बंद करायचा आणि नेहमीच्याच वेगाने वर यायचं. कॅमेरा गेला तर गेला. वर आल्यावर बॅटरी काढा, चार्जिंगला लावू नका.

प्रवाळाला हात लावायचा नाही, त्याच्यावर कॅमेरा टेकवायचा नाही, तुकडा उचलायचा तर प्रश्नच नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली प्रवाळ संरक्षित आहे. मासे जवळ यावेत म्हणून ब्रेड टाकतात काही बोटीवाले, तेपण नको सांगा. लायनफिश दिसला तर लांबूनच, त्याचे काटे विषारी असतात. इथे मात्र जवळ जाण्याचा माझा नियम बाजूला ठेवा.

पायरी ८: वर आल्यावर

केस बंदच ठेवून गोड्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि बटणं दाबत राहा, नाहीतर स्प्रिंगमध्ये मीठ सुकून पुढच्या वेळी बटण आत जाऊन बसतं ते बाहेरच येत नाही. बोटीवरच्या सामाईक टबात सोडून जाऊ नका, वरून कोणाचा तरी रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) पडतो आणि काचेवर ओरखडा. उन्हात पण नको, टॉवेल गुंडाळून सावलीत. खोलीवर आल्यावर अंग, डोकं, हात आणि केसची बाहेरची बाजू सगळं कोरडं करा, मग केस उघडा.

फाइल्स त्याच रात्री लॅपटॉप किंवा हार्ड डिस्कवर. एडिटिंगला मोबाइलवर व्हीएन किंवा इनशॉट चालतं, कॉम्प्युटर असेल तर डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन भरपूर आहे. लाल थोडा वाढवा, हिरवा कमी, कॉन्ट्रास्ट किंवा डीहेझ (धुरकटपणा घालवणारं) जरासा. हिरवेपणा पूर्ण काढायच्या नादात माणसांचे चेहरे जांभळे करू नका, गोव्याचं पाणी थोडं हिरवं दिसलं तर दिसू दे. पाच ते आठ सेकंदांच्या क्लिप, एकूण दीड-दोन मिनिटं, त्याच्या पुढे घरचे पण बघत नाहीत.

परतीचं विमान बघून डाइव्हचा दिवस ठरवा, दाबोळी असो की मोपा. एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, दोन किंवा जास्त असतील तर १८ तास जाऊ द्यायचे. आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत, केबिन बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून.